लेखकाला भेटायला जाताना काय विचारावं, आणि त्यांचं उत्तर किती मानावं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. ज्या कादंबरीवर लघुप्रबंध लिहिताय तिचे लेखक हयात आहेत, आणि पुढच्या महिन्यात तुमच्या वर्गातले अठराजण त्यांच्या गावी त्यांना भेटायला जाणार आहात. वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांना नेमकं काय विचारावं, असं तुम्ही विचारलंय. पण शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, ‘माझं म्हणणं त्यांनी खोडून काढलं तर प्रबंधाचं काय करू?’ माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे. तो सुटला की काय विचारायचं ते आपोआप सुचत जातं.

मी एकतीस वर्षं तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मराठी शिकवलं. त्या काळात वीसेक लेखक-कवींना वर्गात आणलं आणि सात-आठ जणांच्या घरी मुलांना घेऊन गेलो. त्यातल्या काही भेटी मुलांना जन्मभर पुरल्या, काही शाल-श्रीफळात संपल्या. त्यामुळे एक आधीच सांगतो. तुमचे लेखक बोलके आहेत की अबोल, वय किती, तब्येत कशी, पुस्तक कल्पित आहे की आत्मकथन, तुमच्यातल्या किती जणांनी ते खरोखर वाचलंय, यावर बरंच अवलंबून आहे. हे मला इथे बसून ठरवता येणार नाही. माझ्या अनुभवात जे टिकलं तेवढं सांगतो.

आधी एक प्रसंग. आम्ही एका ज्येष्ठ कादंबरीकारांकडे गेलो होतो. त्यांच्या कादंबरीच्या पहिल्या अर्ध्यात पहाटे विहिरीचं पाणी बैलांकडून ओढणाऱ्या मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकू येते, पुन्हा पुन्हा. आमच्यातल्या एका मुलाने मोजलं होतं, सात ठिकाणी. वडील जातात त्या प्रकरणानंतर हा आवाज एकदाही येत नाही. अगदी शेवटच्या प्रकरणात घरातल्या सुनेला रात्री तो ऐकू आल्याचा भास होतो, बस. या मुलाने मोट चालताना कधी पाहिलेली नव्हती. त्याने आजोबांना विचारून नाडा, सोंदूर, धाव, थारोळं हे मोटेचे शब्द वहीत उतरवून घेतले होते. त्याचं म्हणणं असं, की मोटेचा आवाज म्हणजेच या घरातला बाप आहे. बाप गेला आणि घर मुकं झालं, हे लेखकाने कुठेही न सांगता केवळ आवाज काढून घेऊन दाखवलंय.

मुलाने हे सगळं नीट सांगितलं. लेखक म्हणाले, ‘‘अरे, तसलं काही नाही त्यात. बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही विहिरीवर इंजिन बसवलं. मोट सुटली. आवाज येणार कुठून?’’

वर्ग हसला. मुलाचा चेहरा उतरला. पण त्याच्या मांडीवर पुस्तक होतं आणि त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. तो जरा वेळाने, हळू आवाजात म्हणाला, ‘‘पण सर, कादंबरीत इंजिन कुठंच नाही.’’

‘‘नाही कसं? आहे की.’’ त्यांनी त्याच्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले. आतून चहा आला तरी ते पानंच उलटत होते. मग पुस्तक मिटून म्हणाले, ‘‘होतं. दीड पान होतं इंजिनावर. दिवाळी अंकात हे प्रकरण आधी छापून आलं तेव्हा जागेसाठी काढलं. पुस्तक करताना परत घातलंच नाही.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘का नाही घातलं ते आज सांगता यायचं नाही. वाचताना गरज वाटली नसणार.’’

त्या अर्ध्या तासात जे मिळालं ते मी वर्गात वर्षभर शिकवून देऊ शकलो नसतो. लेखकाला आठवत होतं ते त्यांचं शेत, त्यांची विहीर, त्यांच्या घरी आलेलं इंजिन. त्यांना आपलं जगणं आठवत होतं, पुस्तकाचा छापील मजकूर आठवत नव्हता. हे अगदी स्वाभाविक आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेलं पुस्तक लेखक रोज काढून वाचत नाही. तुम्ही मात्र ते गेल्या सहा महिन्यांत तीन-चार वेळा वाचलेलं असतं. मजकुरापुरतं बोलायचं तर त्या दिवशी त्या खोलीत कादंबरी सगळ्यात ताजी आठवत होती ती त्या मुलाला.

दुसरं असं, की लेखकाने दिलेली माहिती खोटी नव्हती. इंजिन आलं होतंच. मोटा गेल्या आणि इंजिनं आली, तो काळ मी स्वतः गावात पाहिलाय. पण कादंबरीत इंजिन ठेवलं असतं तर मोटेच्या गप्प होण्याला कारण मिळालं असतं आणि वाचक पुढे गेला असता. इंजिन निघून गेल्यामुळे ती शांतता उघडी राहिली, आणि वाचक तिचं कारण शोधत थेट बापाच्या मृत्यूपाशी जातो. मुलाने प्रबंधात आपलं विवेचन जसंच्या तसं ठेवलं आणि त्याखाली काढून टाकलेल्या दीड पानांची हकिगत लिहिली. त्याच्या प्रबंधातला सगळ्यात भक्कम भाग तो झाला. पहिल्या उत्तरावर गप्प बसून त्याने घरी येऊन आपल्या विवेचनाची पानं फाडली असती तर हे काहीच झालं नसतं.

तेव्हा ‘त्यांनी खोडून काढलं तर’ याचं माझं उत्तर असं आहे. त्यांचा नकार ऐकून घ्या, तारखेनिशी लिहून घ्या आणि मग पुस्तक उघडून स्वतःला विचारा, की तुमचं म्हणणं कोणत्या पानावर उभं आहे. पानं तुमच्या बाजूने असतील तर म्हणणं ठेवा. पानं नसतील तर मात्र ते सोडून द्यावं लागेल, आणि ते लेखकांनी नाकारलं म्हणून नाही. मजकुरात आधार नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

याची उलट बाजू मुलांच्या लक्षात येत नाही. लेखक ‘‘वा, छान वाचलंस!’’ म्हणाले की मुलं हरखून जातात आणि प्रबंधात लिहितात, ‘स्वतः लेखकांनीही यास दुजोरा दिला आहे.’ असं करू नका. इतक्या लांबून आलेल्या पोरांना कोणता भला माणूस तोडून बोलेल? ते आतिथ्य असतं. नकाराला जसा पानांचा आधार मागायचा तसाच होकारालाही मागायचा.

तुमच्या साहित्यविचाराच्या पेपरला विम्सट आणि बिअर्डस्ली या अमेरिकी अभ्यासकांचा १९४६ चा निबंध असेल, फ्रेंच समीक्षक रोलां बार्थचा १९६७ चा ‘लेखकाचा मृत्यू’ही असेल. लेखकाच्या मनात काय होतं यावरून कृतीचा अर्थ ठरवू नये, हे त्यातलं म्हणणं मला पटतं. पण त्यावरून काही सहकारी ‘मग भेटायचं कशाला?’ असं म्हणायचे, ते मला कधीच पटलं नाही. अर्थ ठरवण्याचा शेवटचा शब्द लेखकाचा नसला, तरी पुस्तक कसं घडलं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बालकवी १९१८ साली जळगावजवळ भादली स्टेशनाशी रेल्वेखाली गेले. ‘औदुंबर’ ही त्यांची आठ ओळींची कविता. तिच्यातल्या ‘गोड काळिमा’वर आणि शेवटच्या ओळीतल्या ‘असला’ या एका शब्दावर मराठी समीक्षक पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेत. कुणाला त्यात निवांतपणा दिसला, कुणाला उदासी. कवीला विचारायची सोय शंभर वर्षं नाही, म्हणून कविता वाचायची थांबली नाही. तुमचे लेखक हयात आहेत ही जादा मिळालेली संधी आहे. त्यांच्या संमतीवाचून तुमचं वाचन अपुरं राहतं, असं मुळीच नाही.

आता काय विचारायचं. अर्थ विचारू नका, घडण विचारा. ‘या कादंबरीतून तुम्हाला काय सांगायचं आहे?’ हा प्रश्न लेखकाला नकोसा होतो, कारण जे सांगायचं होतं ते त्याने तीनशे पानांत सांगून झालेलं असतं. ‘लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळते?’ याला प्रत्येक लेखकाकडे तयार उत्तर असतं. ते दहा मुलाखतींत छापून आलेलं असतं, ते तिथूनच वाचा. त्याऐवजी असं विचारा: पहिला खर्डा किती पानांचा होता? काय काढलं? आधी कुठल्या अंकात आलं आणि पुस्तकात येताना काय बदललं? दुसऱ्या आवृत्तीत हात फिरवला का? हे पात्र आधीपासून याच नावाचं होतं का? संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, हे केव्हा ठरलं? कुणी विरोध केला का?

बोलीचा प्रश्न तर सोडूच नका. एका लेखकांना आमच्या मुलीने विचारलं होतं, की पहिल्या आवृत्तीत आजीच्या तोंडी असलेला एक शब्द दुसऱ्या आवृत्तीत का बदलला. तिने दोन्ही आवृत्त्या ग्रंथालयातून काढून समोरासमोर वाचल्या होत्या. लेखक खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यानंतर दीड तास ते मुद्रितशोधकाशी झालेल्या भांडणाबद्दल, आईच्या बोलण्याबद्दल, पुण्याच्या वाचकाला कळणार नाही म्हणून सोडून दिलेल्या शब्दांबद्दल बोलत राहिले. एका शब्दाच्या प्रश्नाने एवढं मिळालं, कारण त्या प्रश्नातून त्यांना कळलं होतं की हिने वाचलंय.

कवितेचं थोडं वेगळं. कवीला समजावून सांगायला लावू नका, वाचायला सांगा. एका कवयित्रींना आमच्या विद्यार्थ्याने एका ओळीचा अर्थ विचारला, तर त्या म्हणाल्या, ‘‘मी परत वाचते.’’ छापील कवितेत विरामचिन्हं नव्हती. ती ओळ आम्ही सगळे प्रश्न म्हणून वाचत होतो. त्यांनी ती विधान म्हणून वाचली, आणि तिच्यानंतर बराच वेळ थांबल्या. पुढच्या कडव्याचा सूर आमच्यासाठी बदलून गेला. आमचं वाचन त्याने चुकीचं ठरलं नाही, पण आता दोन वाचनं झाली.

लेखक आणि निवेदक एकच धरण्याची चूक तिथे गेल्यावर हमखास होते, कारण समोर हाडामांसाचा माणूस बसलेला असतो. भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, पुण्यात शिकलेले. त्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा पंचविशीतले. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला शिकायला आलेला आणि पंचवीस वर्षांचा. इतकं जुळतं म्हटल्यावर विद्यार्थी बिनदिक्कत ‘नेमाडे मेसमध्ये असे वागले’ असं लिहितात. पण पांडुरंग शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो आणि नेमाडे पुढे विद्यापीठांत प्राध्यापक होतात. या फरकातच कादंबरीपण आहे. तुमच्या लेखकांशी बोलताना ‘तुम्ही तेव्हा घर सोडलंत...’ असं न म्हणता पात्राचं नाव घेऊन बोला. सुरुवातीला अवघड जातं, पण लेखक सुखावतो. बोलणंही त्याच्या घरगुती गोष्टींत न अडकता पुस्तकाभोवती राहतं.

आत्मकथनाच्या बाबतीत हे आणखी जपायला हवं. ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन, पण त्यातसुद्धा दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी मांडणी आहे. दगडू हे दया पवारांचंच मूळ नाव. स्वतःचं सांगतानाही त्यांनी मध्ये ही जागा ठेवली, ती का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. पण मुलं तिथे जाऊन काय विचारतात? आमच्या एका विद्यार्थिनीने एका आत्मकथनकारांना विचारलं, ‘‘तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं?’’ तिने प्रेमानेच विचारलं होतं, पुस्तक वाचून ती रडली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आहे ती. हे पुस्तक तिला आवडलेलं नाही.’’ पुढे कुणालाच प्रश्न सुचेना. चूक मुलीची नव्हती, माझी होती. मी तयारी करून घेताना हे बोललोच नव्हतो. पुस्तकात जे आलेलं नाही ते बऱ्याचदा विचार करून बाहेर ठेवलेलं असतं, आणि त्यात दुसऱ्या जिवंत माणसांची लाज-अब्रू गुंतलेली असते. असं काही विचारावंसं वाटलं तर आधी ‘हे विचारू का?’ म्हणून विचारा, आणि नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

इथवरचं थोडक्यात धरून ठेवा: अर्थ मजकुरातून काढायचा, घडणीची माहिती लेखकाकडून घ्यायची, आणि माणसाच्या खासगी आयुष्याला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

आता व्यवस्थेचं. माझी पहिली भेट मी स्वतः वाया घालवली. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. मोठ्या सभागृहात तीनशे मुलं बसवली, कारण सभागृह भरलेलं दिसायला हवं होतं. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मनोगतं. लेखकांच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली आणि तीनशेपैकी पुस्तक वाचलेली मुलं पंधरा असतील. ती मागे बसली होती. त्यांतल्या एकालाही प्रश्न विचारता आला नाही. त्या आठवड्यात लेखकांना गावोगावची बोलावणी असतात, तेही दमलेले असतात. त्यानंतर मी कधी त्या आठवड्यात कुणाला बोलावलं नाही, आणि वाचलेल्या मुलांपुरतीच बैठक ठेवली.

तुम्ही अठराजण घरीच जाताय, हे फार चांगलं आहे. शाल-श्रीफळ नको, आभाराचं भाषण नको. दोन तासांपेक्षा जास्त थांबू नका. वय झालं असेल तर सकाळची वेळ घ्या आणि आदल्या दिवशी फोन करून तब्येत विचारा. अठरा माणसांच्या चहाचा भार घरच्या बायकांवर पडतो. आमच्या मुली पहिल्यांदा हे लक्षात आणून देईपर्यंत मला ते सुचलं नव्हतं. खाऊ सोबत न्या, कपबशा विसळायला दोघं-तिघं उठा.

पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती घेऊन त्यांच्या समोर बसू नका. विद्यार्थ्यांकडे पैसे नसतात हे मला ठाऊक आहे, पण लेखकाला प्रतीमागे जे थोडं मानधन मिळतं तेही झेरॉक्समध्ये जातं, आणि ती प्रत पाहून त्याला काय वाटतं ते तो बोलून दाखवत नाही. तिघा-तिघांनी मिळून एक घ्या, सहा प्रती होतील. किंवा ग्रंथालयाची न्या. ग्रंथालयाच्या प्रतीचं मला फार अगत्य आहे. एकदा एका लेखकांनी आमच्या ग्रंथालयाची जुनी, बांधणी सुटलेली प्रत हातात घेतली आणि कितीतरी वेळ समासातल्या नोंदी वाचत बसले. दहा-बारा वर्षांत ती प्रत वाचून गेलेल्या मुलांची वेगवेगळी अक्षरं होती. ‘महत्त्वाचे’, ‘परीक्षेसाठी’, आणि एका ठिकाणी नुसतंच, ‘आमच्याकडे पण असंच.’ त्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘हे कुणी लिहिलंय, कळेल का?’’ आम्हाला कळण्यासारखं नव्हतं.

जाण्याआधी आठवडाभर सगळ्यांनी एकत्र बसून प्रश्न काढा. अठरा जणांचे पन्नास निघतील, त्यातले दहा ठेवा. प्रत्येक प्रश्नापुढे पान क्रमांक लिहा. ज्या प्रश्नाला पान क्रमांक लिहिता येत नाही तो बहुधा कुठल्याही लेखकाला विचारता येईल असा असतो. असे दोनच ठेवा. कोण कोणता विचारणार ते ठरवा, पण त्यांचं बोलणं वेगळीकडे वळलं तर यादी मिटून ऐका. आमच्या बाबतीत यादीबाहेरचं बोलणंच जास्त मोलाचं निघालं.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा. नको म्हणाले तर दोघांनी टिपणं घ्या आणि त्याच संध्याकाळी, गाडीतच, एकमेकांची ताडून पाहा. दुसऱ्या दिवशी शब्द बदलतात. लिहून झालं की ते त्यांना पाठवून द्या आणि ते सांगतील त्या दुरुस्त्या करा. प्रबंधात त्यांचं म्हणणं परिशिष्टात मुलाखत म्हणून जाईल, तारीख आणि ठिकाणासह. तारीख महत्त्वाची, कारण आज बोलणारा माणूस आणि कादंबरी लिहिणारा माणूस यांच्यात बरीच वर्षं गेलेली आहेत. जुन्या मुलाखतीत त्यांनी वेगळं सांगितलेलं असेल तर तीही शेजारी ठेवा. मौखिकीला बहिःस्थ परीक्षक नक्की विचारतील, ‘लेखक तर असं म्हणत नाहीत, मग तुम्ही कसं म्हणता?’ तेव्हा तुमच्याकडे पान क्रमांक असले की भागतं.

आणि समजा, ऐनवेळी त्यांनी भेट नाकारली, तरी मनाला लावून घेऊ नका. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे, सभा-समारंभांपासून कायम दूर राहिले, पण पत्रं भरभरून लिहायचे. ती पत्रं खंडाखंडांनी छापली गेली आणि त्यांच्या कथा वाचणाऱ्यांना ती आजही उपयोगी पडतात. काही लेखक समोर बसून बोलू शकत नाहीत, लिहून बोलतात. पत्र पाठवा, तीनच प्रश्न विचारा, सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट ठेवा.

भेट झाली तर प्रबंध पूर्ण झाल्यावर एक प्रत त्यांना पाठवा, त्यांना न पटलेल्या भागासकट. मोटेवर लिहिणाऱ्या मुलाने पाठवली होती. दोन महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं. ते इंजिनाचं दीड पान त्यांना जुन्या कागदांत सापडलं होतं, आणि पाकिटात त्याची हाताने केलेली नक्कल होती.